तोतया पोलिसांची विनोदी पटकथा कशी लिहावी

पोलिसांचा वेष घेतलेल्या चोरांवर विनोदी पटकथा लिहायची असेल, तर आपण तोतया आहोत हे टोळीतील किती जणांना ठाऊक आहे, ते सर्वांआधी ठरवावे. गणवेश आणि जीप यांची चिंता नंतर करता येते.

यासाठी मुंबईतील ऑपेरा हाऊस भागात १९ मार्च १९८७ रोजी घडलेला प्रकार नीट समजून घ्यावा. मोनसिंग असे नाव सांगणाऱ्या इसमाने गुप्तचर अधिकारी नेमण्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली, मुलाखती घेतल्या आणि निवडलेल्या उमेदवारांना बसमधून नेऊन एका नामांकित सराफी पेढीवर ‘छापा’ घातला. दागिन्यांचे नमुने मोहोरबंद करून तो जो बाहेर पडला, तो आजतागायत सापडलेला नाही. उमेदवार मात्र साहेबांची वाट पाहत पेढीतच थांबले. म्हणजे त्या छाप्यात चोर एकच होता, बाकीच्यांना नोकरी लागली होती.

विनोद या बाकीच्यांकडून काढावा. झडतीला दोन पंच लागतात, हे पाठ केलेला एखादा उमेदवार रस्त्यावरून दोन गृहस्थांना घेऊन येतो. त्यांतील निवृत्त कारकून पंचनामा वाचल्याशिवाय सही करीत नाही, आणि ‘सोन्याच्या बांगड्या, नग सहा’ या ओळीवर बोट ठेवून विचारतो, “सोन्याच्या कशावरून? पिवळ्या धातूच्या लिहा.” पुन्हा नवा कागद, पुन्हा कार्बन, बाहेर टॅक्सीचे मीटर पडत असते, आणि साहेबांना घाई दाखवण्याची सोय नसते. हा प्रसंग कितीही लांबवावा. गणवेशाचा विनोद मात्र एकदाच करावा: कपडेपटाच्या चुकीने एका खांद्यावर दोन तारे आणि दुसऱ्यावर तीन, एवढे पुरे.

लुटला जाणारा कोण, हाही प्रश्न आहे, कारण प्रेक्षकाला त्याची कीव आली की हसू आटते. ‘द राँग आर्म ऑफ द लॉ’ या १९६३ च्या ब्रिटिश चित्रपटात तोतया पोलीस चोरांनाच लुटतात. त्यांना तक्रार करण्याची चोरी, म्हणून अखेर लंडनच्या गुन्हेगारांना खऱ्या पोलिसांशीच हातमिळवणी करावी लागते. मला ही रचना फार चोख वाटते, पण ती वापरून झालेली आहे.

शेवट चोराच्या अटकेवर करू नये. खरे पोलीस पेढीत शिरतात, तेव्हा दारावरचा उमेदवार त्यांच्याकडेच ओळखपत्र मागतो, तेथे थांबावे.