तिशीत म्हातारा उभा करताना

चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला बाप, सासरा, आजोबा फार लवकर येतात. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली रंगमंचावर आणले, तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. म्हातारा जमला की पुढची कामं त्याच्या जोरावर येत राहतात, म्हणून तो नीट बसवायला हवा.

सुरुवात रंगपेटीपासून नको, सांध्यापासून करा. पाठीत वाकणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खोटा मार्ग. एकच सांधा निवडा. उजवा गुडघा दुखतो असं ठरलं, तर काठी डाव्या हातात. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरणारे नट आजही दिसतात, आणि ते फार खटकतं. हात सैल सोडून उभं राहिलात की काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. काठी त्याहून उंच असेल तर खांदा सतत वर चढलेला राहतो. बसताना आधी पोटरीला खुर्चीची कड लागू द्या, मग हात टेका, मग वजन सोडा. काठी, चष्मा, चपला पहिल्या तालमीपासूनच हव्यात.

आवाज मुद्दाम कापरा काढू नका. घशावर ताण येतो आणि मागच्या रांगांना शब्दांचे शेवट ऐकूच जात नाहीत. त्याऐवजी श्वास आखूड करा. उठल्यावर लगेच वाक्य टाकू नका, दम खाऊन मग बोला.

मिशी चिकटवायची तर स्पिरिट गम, म्हणजे रंगभूषेत वापरतात तो डिंक, आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. काहींना पुरळ येतं. प्रयोगाच्या दिवशी गुळगुळीत दाढी करा, ओठावरचं तेल पुसून काढा आणि गमचा पातळ थर द्या. बोटानं टिपत राहा. गम चिकट होऊन तार धरू लागला की मगच मिशी ठेवा आणि ओलसर फडक्यानं दाबा. घाई केली तर ती सरकते आणि कडेला गम चकाकतो. बोलताना सुटते ती ओठांच्या कोपऱ्यांतून, तेव्हा तिथे जास्त वेळ दाबा. काढताना ओढू नका. गम सोडवणारं रिमूव्हर कडेनं मुरू द्या.

नाट्यगृहात खपणाऱ्या सुरकुत्यांच्या रेघा क्लोजअपमध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्यासाठी कपाळ आक्रसून खरी घडी कुठे पडते ते बघा, तिथेच हलकी छटा द्या आणि कडा विरवून टाका. केसांना शुभ्र पांढरा रंग नको, थोडी करडी-पिवळसर झाक मिसळा. मान, कान आणि हातांचे पंजे हमखास राहून जातात. चेहरा सत्तरीचा आणि बोटं पंचविशीची दिसली की सगळी मेहनत वाया.

चित्रीकरणात मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून टिपणारा शॉट, झाल्या झाल्या संहितेच्या समासात टिपून ठेवा: कोणत्या शब्दावर काठी उचलली, कोणत्या हातानं चष्मा काढला. त्याच प्रसंगाचा क्लोजअप कधीकधी जेवणाच्या सुट्टीनंतर लागतो आणि हालचाल जुळली नाही, तर संकलनात तुमचा चांगला टेकही बाद होतो.