गणिती व्याख्यांची आणि सूत्रांची वही कशी करावी

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याने संज्ञांची आणि सूत्रांची वही स्वतःच्या वाक्यांत लिहावी. व्याख्या करताना ती वस्तू कोणत्या गटात मोडते हे आधी सांगावे आणि मग गटातील इतरांपासून तिला वेगळे करणारा गुण नोंदवावा. ‘१ पेक्षा मोठी आणि नेमके दोनच विभाजक असलेली नैसर्गिक संख्या म्हणजे मूळ संख्या’ ही व्याख्या पूर्ण आहे. १ ला वगळण्याचे कारणही तिथेच लिहावे: १ ला मूळ मानले, तर १२ = २ × २ × ३ या मूळ अवयवांच्या एकमेव मांडणीला हवे तितके १ जोडता येतील आणि तिचे एकमेवपण संपेल. प्रत्येक व्याख्येखाली एक बसणारे आणि एक न बसणारे उदाहरण द्यावे. माझ्या मते न बसणाऱ्या उदाहरणानेच व्याख्या खरी समजते.

सूत्र त्याच्या अटीसह लिहावे. लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) × मसावि (महत्तम सामाईक विभाजक) = संख्यांचा गुणाकार हे सूत्र दोन नैसर्गिक संख्यांपुरते आहे. १२ आणि १८ साठी ३६ × ६ = २१६ हे जुळते, परंतु २, ४ आणि ६ साठी १२ × २ = २४ येतात आणि संख्यांचा गुणाकार मात्र ४८ होतो. पायथागोरसचे प्रमेय काटकोन त्रिकोणाचेच आहे. त्याचा व्यत्यास, म्हणजे ‘दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गाइतकी असेल तर त्रिकोण काटकोन असतो’ हे उलट विधान, वेगळा लिहावा, कारण चिऱ्यांच्या घराचा पाया आखताना ३, ४ आणि ५ मीटर मापांनी कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहतात, तेव्हा उपयोगी पडतो तो व्यत्यासच.

मध्य म्हणजे किमतींची बेरीज भागिले किमतींची संख्या, आणि मध्यक म्हणजे चढत्या क्रमातील मधली किंमत. किमतींची संख्या सम असेल तर मधल्या दोहोंची सरासरी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे महिन्याचा मध्य २५० येतो. पण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडत असल्याने मध्यक त्याहून कितीतरी लहान निघतो. म्हणून कोणते माप का निवडले, हेही वहीत लिहावे.

वर्तुळाचा परीघ २ × पाय (π) × त्रिज्या आणि क्षेत्रफळ पाय × त्रिज्येचा वर्ग. २२/७ ही पायची केवळ जवळची किंमत आहे, अशी नोंद शेजारी ठेवावी.