लाइन येईपर्यंत मंकी आयलंड, म्हणजे तिसरा भाग कसा खेळायचा

आमच्याकडे वरूड तालुक्यात संत्र्याच्या बागेत पाणी ओलायचं म्हणजे थ्री फेजची वाट पाहत जागरण, ती कधी बाराला येते कधी दोनला, तोवर मोटरच्या खोलीत बसून करायचं काय. मोबाइलवरचे मारामारीचे गेम खेळून झाले, बागेत टॉवरची एकच दांडी, म्हणून मी जुना लॅपटॉप घेऊन जायला लागलो आणि त्यावर द कर्स ऑफ मंकी आयलंड नावाचा समुद्री चाच्यांचा, कोडी सोडवायचा गेम लावला. आता भाचा आणि त्याच्यासोबतचे तीन-चार पोट्टे रोज विचारून राहिले की हा खेळायचा कसा. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिले हे की ही मोठी सिरीज आहे. पहिला गेम १९९० चा, दुसरा १९९१ चा, हा तिसरा १९९७ चा, मग २००० आणि २००९ मध्ये आणखी आले, आणि २०२२ मध्ये पुन्हा नवीन आला. पण तिसऱ्यापासून सुरू केलं तरी काही बिघडत नाही. पहिले दोन ठिपक्या-ठिपक्यांचे आहेत, हा मात्र निरा कार्टूनसारखा हातानं काढलेला, आजही डोळ्याला खटकत नाही. हिरोचं नाव गायब्रश थ्रीपवुड. हे ऐकून भाचा म्हणे, "मामा, पोळ्याले बैल धुतेत तो ब्रश का बे हा?" तेव्हापासून आमच्यात त्याला ब्रशभाऊच म्हणतात.

लावायचा कसा ते सांगतो. गेम गॉग किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर विकत मिळते, गॉगवरून एकदा उतरवला की मग खेळायला नेट लागत नाही, आपल्यासाठी तेच बरं. लॅपटॉपवर तसाच चालते, पण फोनवर खेळायचा असेल तर स्कमव्हीएम नावाचं फुकट ॲप घ्या, आणि गेमच्या फोल्डरमधल्या कोमी नावाच्या तीन फाइली (शेवटी एलए झिरो, एलए वन, एलए टू असं असते) आणि रिसोर्स नावाचं फोल्डर फोनमध्ये एका जागी टाकून ॲपला ती जागा दाखवा. रिसोर्स फोल्डर विसरू नका, मी विसरलो होतो आणि अर्धी रात्र डोकं खाजवत बसलो. फोनवर दोन बोटं एकदम टेकवली की राइट क्लिक होते, पण खरं सांगू का, ओटीजीला (फोनला माउस जोडायची लहान पिन) माउस लावा, बोटानं बारीक वस्तू सापडत नाहीत.

सुरुवातीला सोपा का कठीण असं विचारते, कठीणचं नाव मेगा-मंकी. पहिल्यांदा सोपाच घ्या, फुशारकी मारू नका, कठीणमध्ये कोडी जास्त आहेत. आणि खालची अक्षरं चालू ठेवा. आवाज साफ आहेत, तरी इंग्रजी भराभर बोलतेत आणि अर्धी गंमत शब्दांतच आहे. एखादं वाक्य आधीच ऐकलं असेल तर फुलस्टॉपचं बटन दाबा, तेवढं वाक्य पुढे सरकते. एस्केप दाबलं तर सगळा सीनच उडून जाते म्हणून ते जरा जपून.

आता चालवायचं कसं. वस्तूवर लेफ्ट क्लिक दाबून धरलं की सोन्याचं नाणं येते, त्यावर हात, कवटी आणि पोपट. हात म्हणजे घेणं-ढकलणं-वापरणं, कवटी म्हणजे डोळ्यानं पाहणं, पोपट म्हणजे तोंडाचं काम, बोलणं, खाणं, चावणं, फुंकणं. राइट क्लिकनं सामानाची पेटी उघडते. एवढंच. पण नवा माणूस काय करते, सगळीकडे हातच लावत सुटते. आधी कवटीनं पाहा, ब्रशभाऊ जे पुटपुटते त्यातच अर्धं उत्तर असते. आणि पेटीतल्या वस्तूलाही पोपट लावून पाहायचा, हे मला लय उशिरा सुचलं.

पहिली खोली मी पूर्ण सांगतो म्हणजे डोकं कसं चालवायचं ते कळेल, पुढचं आपापलं. तुम्ही लेचकच्या, म्हणजे ब्रशभाऊचा दुश्मन असलेल्या मेलेल्या चाच्याच्या, जहाजात खाली कोंडलेले, सोबत वॉली नावाचा बुटका समुद्री चाचा, तोफ, आणि तोफेत गोळा ठासायचा दांडा. दांडा उचला. मग वॉलीशी बोला, तो मोठा खुंखार असल्याचं सोंग करते, त्याला पटवत राहा की तू काही खरा चाचा नाही, शेवटी तो रडते आणि त्याचा हुक पडते, प्लास्टिकचा निघते. दांडा आणि हुक पेटीत एकमेकांना लावले की लांब आकडी तयार, आपण उंचावरचं संत्र तोडायला बनवतो तशी. तोफ चालवून सांगाड्यांच्या होड्या बुडवा, मग पाण्यात तरंगणाऱ्या कचऱ्यातून आकडीनं तलवार ओढा. तलवारीनं कापायचं काय? तोफ बांधून ठेवलेला दोर. काहून? कारण बांधलेली तोफ जागेवर राहते, सुटी तोफ उडवली की मागे धडकते, आणि मागे बंद दार आहे. आतल्या खजिन्यात हिऱ्याची अंगठी, हिरा काच कापते, खिडकी काचेची. झालं. या गेमात जादूटोणा कितीही असला तरी कोडी अशी घरातल्या अकलेची आहेत, वस्तू कशाची बनली, ती काय करू शकते, एवढा विचार केला की सुटते.

ती अंगठी शापित असते आणि ब्रशभाऊ तीच त्याची प्रेयसी एलेन हिच्या बोटात घालते, ती सोन्याची मूर्ती होऊन जाते. तिला सोडवणं ही पुढची गोष्ट.

प्लंडर आयलंडवर तीन कामं, जहाज, खलाशी, नकाशा, ती कोणत्याही क्रमानं करा. इथं लोक अडकतात कारण एकाच जागी डोकं आपटत बसतात. अडलं की सोडा, दुसऱ्या जागी जा. कोंबडीच्या हॉटेलवाल्याचा सोन्याचा दात पाहिजे असते, तो काढणं जमलं मला, पण दात घेऊन दारातून निघालो की हॉटेलवाला धरते. चार रात्री मी तेच केलं. पाचव्या रात्री डोक्यात आलं की दारातून जाते कोण, खिडकी आहे ना. आता दात उडवायचा कसा ते तुम्ही शोधा, एवढंच सांगतो की गम फुगवता येते आणि फुग्यात साधी हवा नसते. बाहेर चिखलात पडलेला दात थाळीत घेऊन रोळायचा, तांदूळ रोळतो तसाच.

नकाशा बीचवर ऊन खात पडलेल्या माणसाच्या पाठीवर गोंदलेला आहे. स्वयंपाकाचं तेल आणि ऊन मिळून चामडीचं काय होते हे मे महिन्यात डोक्याला दुपट्टा न बांधता फिरलेल्या माणसाला सांगायला नको. खलाशांतल्या एकासोबत बँजोची लढाई आहे, तो ज्या क्रमानं तारा छेडते त्याच क्रमानं छेडायच्या, कागदावर लिहून घ्या. शेवटी त्याचा वेग झेपत नाही, तेव्हा हत्यारांच्या पेटीत आणखी काय होतं ते आठवा.

मग तिसरा अंक, माझा सगळ्यात आवडता. सुरुवातीला खलाशी गाणं म्हणत बसतेत, काम करत नाहीत. तुम्ही एक ओळ म्हणायची, ते यमक जुळवून पुढची म्हणतेत, थांबतच नाहीत. त्यांना थांबवायला असा शब्द पाहिजे ज्याला इंग्रजीत यमकच नाही. आम्ही सगळे लॅपटॉपवर वाकून बसलो होतो, पर्यायात ऑरेंज दिसलं आणि भाचा ओरडला, "मामा, आपला संत्रा!" दाबलं. समुद्री चाचे गप. थोडा वेळ खटपट करून पाहतेत, मग कामाला लागतेत. भाचा लगेच म्हणे, "संत्र्याले तं जत्रा जुळते ना बे, येवढं नाही आलं यायले?"

त्यानंतर समुद्रातल्या लढाया. आधी तोफा, त्यात जहाज आडवं करून मारा, आणि मग तलवार, जी खरं तर शिव्यांची आहे. समोरचा टोमणा मारते, तुम्ही असं उत्तर द्यायचं की अर्थही बसला पाहिजे आणि शेवटचा शब्द त्याच्या शेवटच्या शब्दाशी जुळला पाहिजे. लग्नात नाव घेतेत तसंच, फक्त इथं नवरा नाही, दुश्मन असते. सुरुवातीला तुम्हाला टोमणेच माहीत नसतात, म्हणून हरायचं. लाजू नका. दुसऱ्यानं मारलेला टोमणा तुमचा होते, आणि तुम्ही मारलेल्याला तो जे उत्तर देते तेही तुमचं. आम्ही वहीत दोन रकाने केले, डावीकडे टोमण्याचा शेवटचा शब्द, उजवीकडे उत्तराचा, दोन्ही देवनागरीतच लिहिले, त्यामुळे जुळणारं कानाला लगेच कळते, इंग्रजी स्पेलिंग पाहून उलटा घोळ होते.

लहान जहाजांपासून सुरुवात करा, जिंकलेला माल प्लंडर आयलंडवर विकून चांगल्या तोफा घ्या, मग मोठ्यांच्या मागे लागा. शेवटी रॉटिंगहॅम नावाचा चाचा, नकाशा त्यानंच पळवलेला असते. त्याचे टोमणे नवे असतात, कुठंच ऐकलेले नाही, पण उत्तरं तुमच्याच वहीतली चालतात. म्हणून वही भरल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नका, मी गेलो होतो, दोन मिनिटात पाण्यात.

पुढचं फार सांगत नाही. ब्लड आयलंड मोठं आहे, तिथं सावकाश फिरा. गेममध्ये चुकून मरून सगळं वाया जाईल ही भीती ठेवू नका. एका ठिकाणी मुद्दाम मरावं लागते, ते तिथं गेल्यावर कळेल. शेवटचे दोन अंक लहान, आणि शेवट तर मला घाईत गुंडाळल्यासारखा वाटला.

सेव्ह एफ वननं होते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते म्हणून मी प्रत्येक कोडं सुटलं की सेव्ह करतो, आणि नावात काय करायचं राहिलं ते लिहितो, "दात बाकी", "तेल सापडलं", असं. आठ दिवसांनी उघडलं तरी कळते. तरी अडलंच तर रात्री बागेत या, फक्त लाइन यायच्या आधी या, नंतर मी पाणी ओलत असतो.