कुंडीतली चिलटं अशी घालवली

घरातल्या कुंड्यांना रोज पाणी घालायला वेळ नाही, म्हणून झाडंच तशी निवडली, स्नेक प्लांट, झीझी आणि मनी प्लांट. पहिली दोन मातीखालच्या जाड कंदात पाणी साठवतात, दोन आठवडे पाणी नाही मिळालं तरी आरामात तग धरतात. खरा ताप होता बारीक चिलटांचा, वरची माती सतत ओली राहिली की ती अंडी घालतातच, मग कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पर्लाईट, म्हणजे हलके पांढरे खडे, मिसळून भोकवाल्या कुंड्यांत झाडं हलवली आणि आता बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. चिलटं गेली! मनी प्लांटला मात्र सुती दोरीची वात लावलीये, एक टोक मातीत, दुसरं खालच्या डब्यातल्या पाण्यात, लागेल तेवढं ओढून घेतो. आणि हो, घरात मांजर असेल तर ही तिन्ही उंचावरच ठेवा, पानं चावली तर तिला त्रास होतो.