जूनमध्ये प्रायव्हेट शाळेत जॉईन होणाऱ्या नवीन टीचर आणि स्टाफसाठी

मी सोलापुरात एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत शिकवते, आणि गेली काही वर्षं नवीन येणाऱ्यांना शाळा दाखवायचं, सगळ्यांशी ओळख करून द्यायचं काम माझ्याकडंच आहे. नवीन लोक म्हणजे नुसते टीचर नाहीत, क्लार्क, लॅब असिस्टंट, मावशी, शिपाई, वॉचमन, बसमध्ये मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ताई, सगळेच. मे संपत आला की ओळखीतल्या पोरी फोन करतात, मॅडम इंटरव्ह्यू झाला, सिलेक्शन झालं, आता पहिल्या दिवशी काय करायचं, काय विचारायचं? तेच लिहून ठेवतेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

मला जे वाटतं ते आधीच सांगते. नवीन माणूस शाळेत रुळतो की दिवाळीच्या आत सोडून जातो, हे त्याच्या डिग्रीवर कमी आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्याची ओळख कुणाकुणाशी आणि कशी झाली यावर जास्त ठरतं. बीएड 2015 पासून दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप आली, त्यामुळं पाठ कसा घ्यायचा हे आताच्या पोरींना चांगलं येतं. पण मधल्या सुट्टीत मुलगा पडला तर कुणाला हाक मारायची, दाखल्याची विचारणा करणाऱ्या पालकाला कुणाकडं पाठवायचं, प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर टीचरचा तास दुसऱ्या कुणाला, हे कोण लावतं, हे कॉलेजात कोण शिकवणार?

बहुतेक ठिकाणी ओळख म्हणजे काय, परिपाठाला स्टेजवर बोलवायचं, नाव आणि विषय सांगायचा, गुलाबाचं फूल द्यायचं, टाळ्या, झालं. मुलांना नाव कळत नाही, माईक खरखरतो आणि नवीन टीचर घामाघूम. आम्ही ते बदललं. आता परिपाठाच्या आधीच स्टाफरूममध्ये सगळ्यांनी बसायचं, आणि तिथं मावशी आणि ड्रायव्हर काकासुद्धा खुर्चीवर बसतात, दारात उभे राहत नाहीत. नवीन माणसानं तीन गोष्टी सांगायच्या, त्याला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, तो कुठून येतो-जातो, आणि शाळेतलं कुठलं काम त्याला मनापासून आवडतं. येण्याजाण्याचं मुद्दाम विचारतो, कारण कुणी कुंभारीहून येतं, कुणी जुळे सोलापुरातून, त्यातून एकाच रूटचे लोक एकमेकांना सापडतात आणि पावसात गाडी बंद पडली तर फोन करायला कुणीतरी असतं. नंतर जुन्या लोकांनी स्वतःचं काम सांगायचं, नुसतं पद नाही. म्हणजे "मी क्लार्क" असं नाही, तर "बोनाफाईड, दाखला, जनरल रजिस्टर आणि युडायसची, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर भरायची शाळेची माहिती माझ्याकडं, नावात किंवा जन्मतारखेत खाडाखोड चालत नाही, शंका असली तर आधी मला विचारा" असं.

मुलांसमोरची ओळख वर्गात, त्या वर्गाच्या जुन्या टीचरनं करून द्यावी, हे माझं आग्रहाचं मत आहे. जुनी टीचर पाच मिनिटं शेजारी उभी राहिली आणि म्हणाली की या आता तुमच्या मॅडम, यांना मी तुमच्या वहीबद्दल सगळं सांगितलंय, तर मुलं लगेच मान्य करतात. विशेषतः पहिली-दुसरीची मुलं, त्यांना टीचर बदलली की खरंच त्रास होतो, काही जण पोट दुखतंय म्हणून घरी बसतात.

आता मावशींबद्दल, कारण यावर मी कितीही बोलू शकते. आमच्या सीनियर केजीच्या मावशींना कुठल्या मुलाचा घोळणा उन्हात फुटतो हे पाठ आहे. मार्चमध्ये दुपारचं ऊन चढलं की त्या ओला रुमाल करूनच ठेवतात, मुलाला पुढं वाकवून बसवतात, नाक चिमटीत धरतात, डोकं मागं टाकू देत नाहीत. हे कुठल्या फाईलमध्ये लिहिलेलं नव्हतं, पोरांकडं रोज बघून त्यांना कळलेलं. नवीन टीचरनं पहिल्याच आठवड्यात आपल्या मजल्यावरच्या मावशींजवळ बसून विचारावं की या वर्गातल्या कुठल्या मुलाला काय होतं, कोण डबा खात नाही, कोण बाथरूमला जायला घाबरतं. डायरीत लिहून घ्या. आणि मावशींना अगं-तुगं करू नका, वयानं लहान असल्या तरी. तुम्ही कसं बोलता ते मुलं बघत असतात.

तसंच बसवाल्या काकांचं. कुठला मुलगा कुठं उतरतो, घ्यायला आजोबा येतात की शेजारीण, हे त्यांना माहीत असतं. एखाद्या दिवशी अनोळखी माणूस मुलाला न्यायला आला तर आधी ऑफिस, मग पालकांना फोन, मगच मूल सोडायचं, मूल "माझे काका आहेत" म्हणालं तरीसुद्धा.

सोलापूरच्या वर्गाचं एक वेगळंच असतं, बाहेरून आलेल्यांना ते लवकर लक्षात येत नाही. एका बाकावर तीन मुलं बसली तर एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याच्या घरी दखनी बोलतात, आणि तिघं आपसात मराठीत भांडतात. पूर्व भागातली पद्मशाली घरं, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची कन्नड घरं, सगळे आपल्याकडंच. त्यामुळं मूल गप्प बसलं म्हणजे त्याला येत नाही असं लगेच ठरवू नका. त्याला प्रश्नच कळलेला नसतो बऱ्याचदा. शेजारच्या मुलाला सांगा, त्याच्या भाषेत सांग की जरा. आणि नावं नीट शिका. येमूल, गुंडला, बिराजदार, हिरेमठ, मुलाणी, ही आडनावं हजेरीपटातून वाचताना अडखळलात तर मुलालाच विचारा कसं म्हणायचं, पुन्हा म्हणून दाखवा. मूल काय खुश होतं त्यानं!

आणखी एक, शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या भागात ज्या दिवशी पाणी त्या दिवशी तिथली मुलं उशिरा येणार, आईची भांडी-बादल्या भरायची गडबड असते, डबा राहतो. सोलापूरच्या टीचरला हे माहीत पाहिजे. उशीर झाला म्हणून बाहेर उभं करू नका. जानेवारीत संक्रांतीच्या दरम्यान सिद्धेश्वरांची यात्रा, गड्डा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, त्या आठवड्यात युनिट टेस्ट लावू नका, अर्धा वर्ग नसतो आणि जो असतो त्याचं लक्ष नसतं.

आता कागदपत्रं. हे रुक्ष आहे, पण नवीन लोक इथंच फसतात. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा 1977 चा आहे आणि नियम 1981 चे, आणि मान्यताप्राप्त खासगी शाळेला अनुदान नसलं तरी तो लागू होतो, शिक्षकांना पण आणि शिक्षकेतरांना पण. त्यात कायम रिक्त पदावर नेमणूक झाली तर दोन वर्षांचा परिवीक्षा काळ असतो. म्हणून नेमणूकपत्र लेखी घ्या आणि त्यात पद कायम आहे का तात्पुरतं, कधीपासून कधीपर्यंत, पगार किती, हे वाचून मगच सही करा. "आधी जॉईन व्हा, ऑर्डर देऊ नंतर" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे, पण दर आठवड्याला विचारत राहा. पगार खात्यावरच घ्या. वीस किंवा जास्त लोक कामाला असतील तर पीएफ लागू होतो, तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागून घ्या आणि पैसे खरंच जमा होतात का ते मोबाईलवर बघा. ग्रॅच्युइटी शिक्षकांना पण मिळते, 2009 ची दुरुस्ती सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये कायम ठेवली, पण सलग पाच वर्षांची नोकरी दाखवायला तुमच्याकडं कागद पाहिजेत ना. ओरिजनल मार्कशीट आणि सर्टिफिकेट दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजनल ठेवून घेऊ देऊ नका. काही ठिकाणी ठेवतात आणि मग माणूस अडकून पडतो, दुसरीकडं अर्ज करता येत नाही. हे बरोबर नाही आणि मी हे कुणासमोरही बोलायला तयार आहे. नोकरीवरून अन्यायानं काढलं असं वाटलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण मुदत 30 दिवसांचीच आहे, वाट बघत बसू नका.

पहिली ते आठवीला शिकवणार असाल तर शिक्षक पात्रता परीक्षेचं, म्हणजे राज्याची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी, बघा. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं. सीबीएसई शाळेत असाल तर वर्षाला 50 तासांचं ट्रेनिंग पण करावं लागतं, त्याचे सर्टिफिकेट स्वतःच्या फाईलला लावत जा, शाळा बदलली तरी कामाला येतात.

मुलांच्या सुरक्षेबद्दल मी कुणाचंही ऐकून घेत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर शासनानं कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यावर जोर दिला. पोलिसांकडून पडताळणी मागितली तर अपमान वाटून घेऊ नका, मी पण दिलीय, ट्रस्टींच्या नातेवाईकांनी पण द्यावी. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, नुसती तशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. "आधी आपण आतल्या आत बघू, शाळेचं नाव खराब होईल" असं कुणीही सांगितलं तरी थांबायचं नाही. चाईल्डलाईनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा 1098 नंबर पाठ करा आणि वर्गात मोठ्या अक्षरात लावा. मारायचं नाही, मानसिक त्रास पण द्यायचा नाही, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात दोन्ही लिहिलंय. आणि याच कायद्यानं मोफत प्रवेश मिळालेली 25 टक्के कोट्यातली मुलं कोण हे वर्गात कधी, कधीच विचारू नका, उभं करायचं तर लांबच. फीची यादी ऑफिसची, वर्गात त्याचा विषय नको.

ट्यूशनचं पण सांगून टाकते, आरटीईच्या 28 व्या कलमानं शिक्षकाला खासगी ट्यूशन घ्यायला बंदी आहे. पगार कमी असतो, मला माहितीय, पोरींची ओढाताण बघते मी. पण स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची संध्याकाळी फी घेऊन शिकवणी लावली की सकाळच्या वर्गात तुमची नजर बदलते, आणि ज्याला परवडत नाही त्या मुलाला ते कळतं. पगार वाढवून मागा, सगळ्यांनी मिळून मागा, तो मार्ग बरा.

पालकांशी बोलताना सोलापुरात एक सोपं आहे, माणसं मनमोकळी असतात, पण वेळेचा विचार करा. वडील पॉवरलूमवर रात्रपाळीला, आई विड्या वळणारी किंवा शिलाईवर, त्यांना शुक्रवारी सकाळी अकराला पीटीएमला बोलावलं तर कोण येणार. एका दिवसाचा रोज बुडतो त्यांचा. शक्य तितकं सुट्टीच्या वारी, नाहीतर संध्याकाळी बोलवायला प्रिन्सिपलना सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलाचं नाव घेऊन तक्रार टाकू नका, स्वतःचा नंबर द्यायचा की नाही ते शाळेचा नियम विचारून ठरवा, आणि दिला तर किती वाजेपर्यंत उत्तर देणार ते पहिल्याच मीटिंगला सांगून टाका.

जे वर्षाच्या मधे येतात, कुणाच्या बाळंतपणाच्या रजेवर किंवा कुणी सोडून गेलं म्हणून, त्यांची तर ओळखच करून देत नाहीत कुठं, सरळ वर्गात ढकलतात. तुमच्यावर तशी वेळ आली तर स्वतःच सुरुवात करा. गेटवर वॉचमन काकांना नाव सांगा, ऑफिसात क्लार्कना भेटा, वेळापत्रक आणि आधीच्या टीचरचं टाचण, म्हणजे पाठाच्या नोंदींची वही मागून घ्या, कुठला धडा कुठपर्यंत झालाय ते मुलांच्या वह्यांवरून तपासा, कारण टाचणात लिहिलेलं आणि वहीत असलेलं बऱ्याचदा जुळत नाही. आणि शाळेत जुने असाल, कॉरिडॉरमध्ये हातात हजेरीपट घेऊन वर्ग शोधत असलेलं कुणी दिसलं, तर थांबा, वर्गापर्यंत सोडून या, जाता जाता पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आणि लेडीज टॉयलेट कुठं आहे ते दाखवा.