प्रायोजकाच्या पत्राला होकार देण्यापूर्वी

ठाणे आणि नवी मुंबईतील डॉक्टरांच्या ज्या लहान-मोठ्या संघटना वर्षातून एकदा परिषद भरवतात, त्यांच्या नव्या सचिवांसाठी हे टिपण आहे. सभागृह, जेवणाचा ठेका आणि ध्वनियंत्रणा या गोष्टी सर्वांनाच सुचतात. घाणेकर नाट्यगृह असो की वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र, तारीख लवकर धरावी, एवढे सांगून तो विषय सोडतो. खरी तयारी पैशांची, आणि पैशांबरोबर येणाऱ्या अटींची करावी लागते.

सर्वप्रथम प्रायोजकाविना अंदाजपत्रक मांडावे. नोंदणी शुल्क आणि संघटनेची शिल्लक एवढ्यावर परिषद कुठवर जाते हे एकदा कागदावर उतरले, की किट-बॅगा, तारांकित हॉटेलातले रात्रीचे जेवण आणि वक्त्यांना द्यावयाच्या भेटवस्तू यांपैकी बरेच काही आपोआप गळून पडते. ज्या संघटनेचा चहासुद्धा कंपनीच्या धनादेशावर अवलंबून असतो, तिला कोणालाही नकार देता येत नाही. एका कंपनीचा वाटा एकूण खर्चाच्या किती हिश्शापुढे जाऊ द्यायचा नाही, तेही याच बैठकीत ठरवावे. हिस्सा कोणताही असो, पण तो आकड्यात लिहिलेला असावा. ‘शक्यतो कमी’ असा ठराव करणे म्हणजे ठराव न करण्यासारखेच आहे.

त्यानंतर कार्यकारिणीचा लेखी ठराव, आणि तोही पहिली कंपनी दारात येण्यापूर्वी. कोणाकडून पैसे घ्यायचे, कोणाकडून नाहीत, बदल्यात काय द्यायचे, निर्णय कोणी करायचा, एवढे त्यात असले की पुरे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी औषध आणि रसायन उद्योगाचा पट्टा वाढला असल्यामुळे आपल्याकडे कार्यकारिणीतील कोणाचा तरी भाऊ, मेहुणी किंवा शेजारी एखाद्या कंपनीत मोठ्या पदावर असतोच. त्यात लपवण्यासारखे काही नाही, मात्र संबंधिताने ते बैठकीत सांगावे, त्या चर्चेतून उठून जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ‘अहो, घरचाच माणूस आहे’ हे वाक्य ऐकू आले की सचिवाने अधिक सावध व्हावे.

कोणाकडून घ्यायचे नाही, याबाबत तंबाखू आणि मद्य यांचे नावही घ्यायला नको. चमत्कारिक गुणाचे दावे करून काढे, पट्टे आणि चुंबके विकणाऱ्यांनाही वाटेला लावावे. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा त्यांच्यासाठीच आहे. फसगत होते ती शिशुआहाराच्या बाबतीत. 1992 च्या शिशुदुग्धपर्याय कायद्यानुसार, 2003 च्या सुधारणेसह, अशा पदार्थांच्या उत्पादकाने, पुरवठादाराने किंवा वितरकाने आरोग्यसेवकांच्या संघटनेला चर्चासत्र, परिषद, अभ्यासक्रम, स्पर्धा, संशोधन यांपैकी कशासाठीही पैसे देण्यास मनाई आहे. इथे बालरोगतज्ज्ञांइतकेच इतर डॉक्टरांच्या संघटनांनीही स्वतःला बांधील समजावे. प्रतिनिधी येतो तो प्रौढांच्या प्रथिन-भुकटीचे माहितीपत्रक घेऊन, आणि त्याच कंपनीच्या कारखान्यातून सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठीची भुकटीही निघत असते. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवून कंपनी काय काय बनवते ते तपासावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहावयास घेतले, तो संघटनेचे नाव आणि बोधचिन्ह यांचा. मागच्या वेळी एका कंपनीबरोबरच्या शिबिराच्या करारपत्रात आम्ही रक्कम, स्टॉलचे मोजमाप, बॅनरची संख्या, सारे लिहिले आणि नावाच्या वापराविषयी एक ओळही लिहिली नाही. 14 नोव्हेंबरच्या मधुमेह दिनानिमित्त तलावपाळीजवळ शिबिर झाले, ते पार पडले आणि आम्ही विसरलो. पुढे गोखले रोडवरच्या औषधाच्या दुकानात, गल्ल्याच्या शेजारी, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीला टेकवून ठेवलेला पुठ्ठ्याचा एक फलक एका सदस्याच्या नजरेस पडला. वर रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्राचे छायाचित्र, खाली सवलतीचा दर, आणि दोहोंच्या मध्ये ‘यांच्या सहकार्याने’ असे लिहून आमचे बोधचिन्ह. ते यंत्र आमच्यापैकी कोणी तपासलेले नव्हते. ‘हे तुमच्या संघटनेचे यंत्र ना?’ असे रुग्ण विचारू लागले, आणि कंपनीला जाब विचारायला गेलो तर करारात बोट ठेवायला जागाच नव्हती.

ही चूक मोठमोठ्यांच्या हातूनही झालेली आहे. 1997 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सनबीम या कंपनीच्या घरगुती आरोग्य-उपकरणांवर आपले नाव देण्याचा करार केला, त्या उपकरणांची स्वतः चाचणी न करता. टीकेचा भडिमार झाल्यावर संघटनेने माघार घेतली, कंपनी न्यायालयात गेली आणि 1998 मध्ये तडजोडीपोटी सुमारे 99 लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे इंडियन मेडिकल असोसिएशनने 2008 मध्ये पेप्सिकोचा फळांचा रस आणि ओट्स यांच्या वेष्टनावर बोधचिन्ह देण्याचा करार केला, तो वाद डॉक्टरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियापर्यंत गेला.

म्हणून करारपत्रात स्वतंत्र कलम हवे आणि ते असे असावे: संघटनेचे नाव आणि बोधचिन्ह फक्त ठरलेल्या कार्यक्रमाच्या ठरलेल्या साहित्यावर, अमुक तारखेपर्यंत, आणि प्रत्येक नमुना छपाईपूर्वी सचिवाच्या लेखी मंजुरीनेच वापरता येईल, उत्पादन, वेष्टन, दुकान, समाजमाध्यम आणि विक्री-प्रतिनिधीच्या हातातील कागद यांवर मुळीच वापरता येणार नाही, उल्लंघन झाल्यास साहित्य कंपनीने स्वखर्चाने मागे घ्यावे आणि तसे जाहीरपणे कळवावे. तोंडी आश्वासन घेऊ नये. विभागीय व्यवस्थापक भला माणूस असतो, पण त्याची बदली नागपूरला होते आणि नव्या माणसाला काहीच ठाऊक नसते. व्हॉट्सॲपवर आलेला अंगठा ही मंजुरी नव्हे, हेही कलमात लिहावे. तारीख लिहावी. पुन्हा सांगतो, तारीख लिहावी.

नियमांची पार्श्वभूमी सचिवाला ठाऊक असावी, कारण कार्यकारिणीत कोणीतरी हमखास म्हणतो की संघटनांना काही लागू नाही. त्यात अर्धे तथ्य आहे. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत डिसेंबर 2009 मध्ये उद्योगाशी संबंधांविषयीचे कलम 6.8 आले, त्यात डॉक्टरांबरोबर त्यांच्या संघटनांचाही उल्लेख होता, आणि 2016 च्या दुरुस्तीत संघटनांचा उल्लेख वगळला गेला. परंतु सदस्य डॉक्टर म्हणून प्रत्येकाला भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचाराची बंदी लागू राहिलीच, त्यामुळे संघटनेच्या पिशवीतून कंपनीची वस्तू सदस्याच्या हाती गेली तर अडचणीत येणार तो सदस्य. शिवाय 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी विपणनाची संहिता काढली. तीनुसार वक्ता नसलेल्या डॉक्टरला प्रवास वा निवास देता येत नाही, परदेशात असे कार्यक्रम भरवता येत नाहीत आणि कार्यक्रमावरचा खर्च कंपनीने आपल्या संकेतस्थळावर दाखवायचा आहे. म्हणजे आपली परिषद कोणत्या खर्चाखाली दिसणार आहे, हे कंपनीला आधीच विचारून घ्यावे. उपकरणांच्या कंपन्यांसाठीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वेगळी संहिता आली, हे आमच्या यंत्रवाल्यांसारख्यांशी बोलताना लक्षात ठेवावे.

विषय आणि वक्ते वैज्ञानिक समितीने ठरवावेत आणि ते ठरल्यावरच प्रायोजकांना पत्रे जावीत. हा क्रम उलटला की मधुमेहावरील सत्रात एकाच औषधावर तीन व्याख्याने होतात. वक्त्याने आपले आर्थिक संबंध पहिल्याच स्लाइडवर सांगावेत, औषधांचा उल्लेख कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ नावाने यावा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे गुणांक हवे असतील तर अर्ज वेळेवर करावा. डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुणांक लागतात, त्यामुळे अनेक जण गुणांकांसाठीच येतात, आणि ज्यासाठी माणसे येणारच आहेत त्या सत्रावर कंपनीचे नाव चढवू देण्याचे काही कारण नाही.

पैसे फक्त संघटनेच्या खात्यात. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर नाहीत, ‘तात्पुरते’ म्हणूनही नाहीत, आणि हॉटेलचे बिल कंपनीने परस्पर भरले असेही नाही. प्रायोजकत्व आणि देणगी या दोन वेगळ्या पावत्या आहेत, कारण बदल्यात स्टॉल दिला की ती देणगी राहत नाही आणि जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. सीएंना परिषदेआधी भेटावे, नंतर नव्हे. 2022 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या फुकट वस्तूंचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही असा निकाल दिल्यापासून कंपन्यांचे हिशेबनीसही पत्राची भाषा बारकाईने वाचतात. त्यांनी पाठवलेला मसुदा ‘सेवा’, ‘सहयोग’, ‘मान्यता’ अशा शब्दांनी भरलेला असतो. त्यातील ‘मान्यता’ खोडावी. आपण कोणत्याही उत्पादनाला मान्यता देत नाही, हे वाक्य त्या जागी लिहावे आणि मग नावाचे कलम शाबूत आहे का ते पुन्हा वाचावे, कारण दुरुस्त मसुदा परत येताना नेमके तेच गळालेले असते.

परिषदेच्या दिवशी स्टॉल सभागृहाबाहेर. प्रतिनिधींना व्याख्यानात प्रवेश नाही. बॅजवरचा क्यूआर कोड स्टॉलवर स्कॅन करू देऊ नये. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक हा प्रायोजकत्वाचा मोबदला नाही आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदाही आहे. स्मरणिकेतील जाहिरातींच्या पानांवर ‘जाहिरात’ असे छापावे. छायाचित्रकाराला सांगावे की अध्यक्षांचा फोटो कंपनीच्या फलकापुढे नको. बोधचिन्हासह छापलेले जे साहित्य उरेल ते मोजून परत घ्यावे.

नंतरचे थोडक्यात. कोणाकडून किती आले आणि कुठे गेले, याचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे नावांनिशी मांडावा. लेखापरीक्षण आणि धर्मादाय कार्यालयाची विवरणपत्रे खजिनदार पाहतील. करारातील तारीख उलटली की त्याच आठवड्यात कंपनीला पत्र पाठवून नाव आणि बोधचिन्हाचा वापर थांबल्याची लेखी पोच मागवावी, आणि नौपाड्यातील दोन-चार औषधांच्या दुकानांत कोणीतरी स्वतः जाऊन गल्ल्याशेजारी पाहून यावे.