टेक्स्ट बॉक्स डिझाइन करताय? या चुका टाळा

होमस्टे असू दे, भाड्याची स्कूटर असू दे नाहीतर देवळाची देणगी, गोव्यात आता सगळ्याला ऑनलाइन फॉर्म आलाय. आणि बरेचसे फॉर्म कुठल्यातरी तयार टेम्पलेटवरून उचललेले. दिसायला चकाचक, पण इथला माणूस स्वतःचं नाव टाकायला गेला की लाल अक्षरात 'इनव्हॅलिड नेम'! अरे, नाव त्याचं, इनव्हॅलिड ठरवणारे तुम्ही कोण?

सगळ्यात जास्त घोळ या नावाच्याच बॉक्सात. व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे भरलेलं बरोबर आहे का ते तपासणाऱ्या नियमात, फक्त ए टू झेड चालू ठेवलेलं असतं, मग इंग्रजीत डिसोझा लिहिताना मधे अपॉस्ट्रॉफी आला की फॉर्म अडला, दा कॉस्ताच्या मधल्या स्पेसवर पण अडला. बरं साधा अपॉस्ट्रॉफी चालू केला तरी काम संपत नाही, आयफोन बऱ्याचदा आपणहून वळणदार अपॉस्ट्रॉफी टाकतो आणि युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) तो वेगळा कॅरेक्टर आहे, त्यामुळे दोन्ही घ्या.

देवनागरीत तर अजून मजा. रेजेक्समध्ये (मजकूर तपासायच्या पॅटर्नमध्ये) 'कुठल्याही भाषेचं अक्षर चालेल' असं लिहून लोक निर्धास्त होतात, पण युनिकोडच्या हिशोबात काना, वेलांटी, उकार हे अक्षरांत धरतच नाहीत, त्यांचा 'मार्क' म्हणून वेगळा गट आहे, तो घेतला नाही तर शिरोडकर पहिल्या वेलांटीलाच अडकणार. मॅक्सलेंग्थचंही, म्हणजे जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील त्या मर्यादेचंही तेच. 'लक्ष्मीकांत' डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, ब्राउझर काना-वेलांटी सगळं वेगळं धरून मोजतो ११, आणि डेटाबेस यूटीएफ-८ चे (मजकूर साठवायच्या पद्धतीचे) बाइट मोजत असेल तर प्रत्येकी तीन धरून ३३. म्हणजे वीसची मर्यादा टाकलीत तर नाव आणि आडनाव मिळून बसणं कठीणच. आणि बॉक्सची उंची इंग्रजी बघून ठरवू नका, वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो.

पत्त्याचं काय विचारू नका. 'स्ट्रीट नेम' कंपल्सरी! खेड्यात घर नंबर, वाडा, गाव, तालुका एवढाच पत्ता असतो, रस्त्याला नाव कुठून आणायचं, मग लोक तिथे एक टिंब टाकून पुढे जातात. घर नंबरात तिरकी रेघ असते, ती पण चालत नाही. त्यापेक्षा तीन-चार ओळींचा एक मोठा बॉक्स द्या आणि पिनकोड तेवढा वेगळा घ्या. पिनवरून गाव आपोआप भरून ते लॉक करू नका, एका पिनखाली अनेक गावं येतात.

फोन नंबरला टाइप नंबर (एचटीएमएलमधला आकड्यांचा बॉक्स) लावू नका. तो आकडा मोजायसाठी आहे, माउसचं चाक फिरलं की किंमत बदलू शकते, शिवाय पुढे कोडमध्ये संख्या म्हणून वाचला की ०८३२ या गोव्याच्या एसटीडी कोडमधला शून्य गायब. टाइप टेल, म्हणजे फोन नंबरसाठीचाच बॉक्स, लावा. कोण +९१ लावेल, कोण मधे स्पेस देईल, कोण मराठी कीबोर्डवरून ९८२२ असं देवनागरीत टाकेल, सगळं घ्या आणि मागे कोडमध्ये साफ करा. जावास्क्रिप्टचा आकडे ओळखणारा पॅटर्न देवनागरी आकडे धरत नाही, तेव्हा आधी बदलून मगच तपासा.

लेबलच्या जागी फिका प्लेसहोल्डर, म्हणजे बॉक्सच्या आतला नमुन्याचा मजकूर, ठेवायची फॅशन कधी जाणार देव जाणे. टाइप करायला लागलं की तो गायब, आणि मे महिन्यात कळंगुटच्या उन्हात मोबाइल धरून बघा काय दिसतं ते. लेबल बॉक्सच्या वर ठेवा, मजकूर आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ आणि फॉन्ट निदान १६ पिक्सेल, नाहीतर आयफोनवर बॉक्सवर टॅप केलं की पान आपोआप झूम होतं.

ओटीपीला सहा वेगळे चौकोन करायचे असतील तर पेस्ट चालतंय का ते आधी बघा, नाहीतर सरळ एकच बॉक्स ठेवा. एरर पहिलं अक्षर टाइप करताच नको, माणूस बॉक्समधून बाहेर पडल्यावर दाखवा, आणि 'मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे' असं नीट सांगा. आणि एक चूक निघाली म्हणून बाकी भरलेला फॉर्म रिकामा करू नका हो, पावसात नेट रखडत असताना पत्ता परत टाइप करायला लावलात तर माणूस सरळ फोन करूनच बुकिंग करेल.